मोठी फाइल बॅकअपला नीट जात नाही: विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र असतील तर काय तपासावं

लग्नाचं चित्रीकरण करणारे, माहितीपट बनवणारे, प्रयोगशाळेतला डेटा जपणारे विद्यार्थी, व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाच्या, प्रती ठेवणारे प्रोग्रामर. कामं वेगवेगळी, पण माझ्याकडे तक्रार एकच येते. ऐंशी किंवा दोनशे जीबीची एक फाइल आहे, एडिटिंग मॅकवर होतं, ऑफिसात विंडोज आहे आणि साठवणीची पेटी, म्हणजे नॅस, लिनक्सवर चालते. बॅकअप कधी मध्येच तुटतो, कधी रोज पहिल्यापासून सुरू होतो, तर कधी पूर्ण झाल्यासारखा दिसतो आणि फाइल मात्र उघडत नाही.

हे दुरुस्त करताना दोष कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये फार क्वचित सापडतो. बहुतेक वेळा तो दोन सिस्टिमच्या मध्ये फिरणाऱ्या डिस्कच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे तिच्यावर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत असतो, किंवा केबलमध्ये, किंवा फाइलच्या नावात. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी खालच्या गोष्टी त्याच क्रमाने करून बघा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी एक इशारा

मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क विंडोजला लावली की 'ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल' अशा अर्थाची चौकट येते. मॅकवर याच प्रसंगी 'इनिशियलाइझ' असं बटण दिसू शकतं. ते दाबू नका. डिस्क बिघडलेली नसते. मॅकचे एपीएफएस आणि एचएफएस प्लस, तसंच लिनक्सचं ईएक्सटी-४, हे फॉरमॅट विंडोजला मुळात वाचताच येत नाहीत, म्हणून ती डिस्क त्याला कोरी वाटते. 'कॅन्सल' करा, डिस्क काढा आणि ती ज्या संगणकावर तयार झाली होती तिथेच लावून बघा. या एका बटणाने जेवढा डेटा गेलेला मी पाहिला आहे, तेवढा खराब डिस्कमुळेही गेलेला पाहिला नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

- लहान फाइली जातात, मोठी एकच फाइल अडते. कधी लगेच, कधी नेमकी ४ जीबीच्या आसपास.
- डिस्कवर भरपूर जागा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो.
- डिस्क दिसते, फाइली उघडतात, पण नवीन काहीच लिहिता येत नाही.
- सुरुवातीला वेग चांगला असतो, मग तो घसरत सेकंदाला काही एमबीवर येतो.
- काहीच बदललेलं नसताना प्रत्येक बॅकअप सगळं पुन्हा कॉपी करतो.
- एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, किंवा काही फाइली कुठल्याही संदेशाविना गळतात.
- कॉपी पूर्ण झाली, पण व्हिडिओ अर्ध्यात थांबतो किंवा व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही.

१. आकार बाइटमध्ये बघा

'मॅकवर फाइल १०० जीबी होती, विंडोजवर ९३ झाली, ७ जीबी गेले' ही घबराट नेहमीची आहे. काहीही गेलेलं नसतं. मॅक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळेच ४ टीबीची नवी डिस्क विंडोजवर ३.६३ टीबी दिसते. दोन्हीकडे फाइलची माहिती उघडा आणि बाइटचा पूर्ण आकडा ताडून बघा. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळला तर फाइल लांबीने तरी पूर्ण आहे. आतला मजकूर बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याची तपासणी पुढे सांगितली आहे.

२. डिस्कचा फॉरमॅट कोणता आहे?

या एका तपासणीत निम्म्याहून जास्त प्रकरणं संपतात. विंडोजवर डिस्कवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मॅकवर 'गेट इन्फो', लिनक्सवर 'डिस्क्स' हा प्रोग्राम. तिथे फॅट३२ दिसलं तर कारण सापडलं. फॅट३२ वर एका फाइलचा कमाल आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. या फॉरमॅटमध्ये फाइलची लांबी ३२ बिटांत लिहिली जाते, त्याहून मोठा आकडा तिथे मावतच नाही. डिस्क १ टीबीची असली तरी हा नियम बदलत नाही. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं आणि बरेच पेन ड्राइव्ह याच फॉरमॅटमध्ये विकले जातात, आणि अशा कार्डावर कॅमेरा लांबलचक चित्रीकरणाचे ४-४ जीबीचे तुकडे करतो तेही याच कारणाने. राउटरच्या मागे यूएसबी डिस्क लावून ती 'नेटवर्क ड्राइव्ह' म्हणून वापरत असाल तर ती डिस्कही तपासा. ती तिथे आहे हेच लोक विसरतात.

फॅट३२ नसेल तर फॉरमॅट आणि सिस्टिम यांची जोडी बघा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट असलेली डिस्क मॅकवर वाचता येते, पण जास्तीचं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. 'दिसते पण लिहिता येत नाही' या लक्षणाचं हे पहिलं उत्तर. तेच लक्षण लिनक्सवर दिसलं तर बहुतेक वेळा विंडोजने ती डिस्क नीट मोकळी केलेली नसते. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही सिस्टिम अर्धवट झोपलेली असते. हे बघून लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं. विंडोजमध्ये जाऊन 'रीस्टार्ट' करा किंवा फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. लिनक्सवर जबरदस्तीने लिहायला लावण्याचे उपाय सापडतील, ते करू नका.

तिन्हीकडे चालणारा फॉरमॅट हवा असेल तर एक्सफॅट. तो मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला, मॅकला १०.६.५ या आवृत्तीपासून कळतो, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची रचना खुली केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही त्याला जागा मिळाली. त्याआधीच्या जुन्या लिनक्सवर वेगळं पॅकेज टाकावं लागतं. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आतल्या फाइली आधी दुसरीकडे काढून घ्या.

एक्सफॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो ने-आण करण्यासाठी ठेवा, एकुलत्या एक बॅकअपसाठी नको. त्यात जर्नल नाही. म्हणजे लिहिताना लाईट गेली किंवा कोणी केबल उपटली, तर अर्धवट राहिलेलं काम सावरायला त्याच्याकडे नोंदवही नसते. एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ मध्ये ती असते, एपीएफएस वेगळ्या पद्धतीने तीच काळजी घेतं. कायमची प्रत नॅसवर ठेवावी आणि तिन्ही सिस्टिमनी नेटवर्कवरून तिथे लिहावं. आतली डिस्क ईएक्सटी-४ असली तरी विंडोजला किंवा मॅकला काही फरक पडत नाही, कारण डिस्कशी थेट व्यवहार फक्त नॅस करतो.

एक्सफॅट डिस्क न सांगता काढली आणि नंतर मॅकला लावली, तर ती बराच वेळ दिसतच नाही. लोकांना वाटतं मेली. मॅक त्या वेळी पडद्यामागे डिस्क तपासत असतो. 'अॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून 'एफएससीके' ने सुरू होणारं नाव शोधा. ते चालू असेल तर डिस्क काढू नका, थांबा. मोठ्या डिस्कला खूप वेळ लागू शकतो.

३. झोप आणि जागा

कॉपी साधारण ठरावीक वेळाने तुटत असेल तर संगणक झोपतोय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण उघडं ठेवा. मॅकवर टर्मिनलमध्ये 'कॅफिनेट' ही कमांड चालू असेपर्यंत तो झोपत नाही. बाहेरची मोठी ३.५ इंची डिस्क आणि राउटर, दोन्ही यूपीएसवर आहेत का तेही बघा. संगणक यूपीएसवर आणि डिस्कचा अॅडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं.

४. फाइलचं नाव

मॅक आणि लिनक्सवर चालणारी कितीतरी नावं विंडोजला चालत नाहीत. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ ही चिन्हं तिथे निषिद्ध. नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब असलं तरी अडतं. पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजचे अनेक प्रोग्राम हात टेकतात, म्हणून फोल्डरात फोल्डर करत फार खोल जाऊ नका. लिनक्सला इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं, विंडोजला आणि सर्वसाधारण मॅकला नाही. त्यामुळे तिकडच्या दोन फाइलींपैकी इकडे एकच उरते.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या सहसा कुठे सांगितल्या जात नाहीत. पहिली लांबीची. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ एककं आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक घेतं. ईएक्सटी-४ ची मर्यादा २५५ बाइट आहे आणि तिथे प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे फक्त ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'क्षत्रिय' एवढ्या छोट्या शब्दाचे २४ बाइट होतात. विंडोजवर बिनतक्रार बसलेलं लांब मराठी नाव लिनक्सच्या नॅसवर 'नाव फार मोठं' म्हणून नाकारलं जातं ते यामुळे.

दुसरी गोष्ट 'ऱ' ची. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच. जुन्या मॅकचं एचएफएस प्लस नावं साठवताना ती फोडून लिहितं, विंडोज आणि लिनक्स जसं दिलं तसं ठेवतात. मग त्याच फाइलची एक प्रत मॅककडून आणि एक विंडोजकडून नॅसवर गेली की 'दुसऱ्या दिवसाचं चित्रीकरण' या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. ऐंशी जीबीची फाइल असेल तर ऐंशी जीबी जागा फुकट गेली. मोठ्या फाइलींना तारीख, क्रमांक आणि साध्या रोमन अक्षरांतलं छोटं नाव द्या. मराठी वर्णन शेजारच्या मजकूर फाइलमध्ये लिहा. मराठीत नाव देण्याची इच्छा मला समजते, माझीही ती असते, पण बॅकअपच्या साखळीत हा धोका पत्करू नये.

५. तारीख आणि घड्याळ

रोज सगळं पुन्हा कॉपी होत असेल तर इथे बघा. बॅकअपचा प्रोग्राम आकार आणि बदलाची वेळ यांवरून फाइल बदलली की नाही हे ठरवतो. फॅट३२ वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहितं, एनटीएफएस, एपीएफएस आणि ईएक्सटी-४ अधिक बारीक आणि यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. त्यामुळे फरक दोन सेकंदांचा किंवा नेमका साडेपाच तासांचा दिसतो. साडेपाच तास दिसले की भारतीय वेळ आणि यूटीसी यांची गल्लत झाली आहे, दुसरं काही शोधत बसू नका. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी.

दोन सेकंदांच्या फरकासाठी आरसिंक आणि रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामपैकी पहिल्यात 'मॉडिफाय-विंडो', दुसऱ्यात 'एफएफटी' हा पर्याय आहे. 'फक्त आकार बघ' हा सोपा पर्याय मात्र व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कसाठी वापरू नका. ठरावीक आकाराची अशी फाइल आतून रोज बदलते आणि तिचा आकार तसाच राहतो. बॅकअप तिला कायम वगळत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही.

६. केबल, पोर्ट, वेग

इथून थोडाफार खर्च लागू शकतो. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे १०० जीबीला पंधरा-सोळा मिनिटं. तुम्हाला ११ एमबीच्या आसपास मिळत असतील तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे आणि त्याच कामाला अडीच तास लागतील. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप खाली उतरते, काम चालू राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. केबल बदला, मग राउटरचा किंवा स्विचचा पोर्ट बदला. वायफायवरून दोनशे जीबी पाठवू नका. यूएसबीवर वेग ३५-४० एमबीच्या वर जातच नसेल तर पोर्ट, हब किंवा केबल यूएसबी २ ची आहे.

वेग आधी चांगला आणि नंतर कोसळतो, ही गोष्ट निराळी. अनेक स्वस्त बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये माग एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. त्यांचा जलद भाग भरला की प्रत्येक नव्या लिखाणासाठी शेजारचे मागही पुन्हा लिहावे लागतात. स्वस्त एसएसडीचंही तात्पुरत्या जलद साठ्यामुळे असंच होतं. हा बिघाड नाही, स्वभाव आहे. कॉपी तोडू नका, चालू द्या.

लिनक्सवर पट्टी १०० टक्क्यांवर जाऊन अडकली तरी घाई नको. डेटा अजून मेमरीतून डिस्कवर उतरत असतो. टर्मिनलमध्ये 'सिंक' कमांड द्या, ती परत येईपर्यंत थांबा, मगच 'इजेक्ट' करा.

७. फाइल मुळात कॉपी करण्याजोगी आहे का?

चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीनची किंवा डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नये. कॉपीची सुरुवात आणि शेवट यांत फाइल बदललेली असते, आणि हाती येते ती कुठल्याच क्षणी अस्तित्वात नसलेली प्रत. मशीन बंद करा, किंवा त्या प्रोग्रामचीच स्नॅपशॉटची, म्हणजे एका क्षणाची गोठवलेली प्रत घेण्याची सोय वापरा.

काही फाइली आतून पोकळ असतात: दिसायला १०० जीबी, प्रत्यक्षात डिस्कवर २०. एक्सफॅटवर ही पोकळी टिकत नाही, तिथे पूर्ण १०० जीबी लागतात. मॅकवरची फोटो लायब्ररी किंवा फायनल कटची लायब्ररी दिसते एक फाइल, पण ते फोल्डर असतं आणि आत दुवे असतात. एक्सफॅटवर ते दुवे मोडू शकतात. अशी लायब्ररी डिस्क युटिलिटीने केलेल्या डिस्क इमेजमध्ये ठेवून मग हलवा.

८. साधन बदला आणि पडताळणी करा

माउसने ओढून टाकणं ५० जीबीच्या पुढे मी थांबवलं आहे. तुटलं की पुन्हा शून्यापासून. विंडोजवर रोबोकॉपी आधीपासून असतो. नेटवर्कवर 'झेड' पर्याय दिला की तुटल्या ठिकाणापासून पुढे चालतो. लिनक्स आणि मॅकवर आरसिंक, 'पार्शल' पर्यायासह. मॅकबरोबर येणारा आरसिंक दीर्घकाळ फार जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून त्यावर नवी आवृत्ती टाकून घेणं बरं.

आणि मग चेकसम. एसएचए-२५६ हा फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेला ठसा आहे. एक बिट बदललं तरी तो बदलतो. विंडोजवर 'सर्टयुटिल', मॅकवर 'शासम', लिनक्सवर 'एसएचए-२५६-सम'. मूळ फाइलचा ठसा काढा, प्रतीचा काढा, जुळवा. प्रतीचा ठसा डिस्क काढून पुन्हा लावल्यावर काढा, नाहीतर संगणक मेमरीतूनच वाचून 'बरोबर' म्हणेल. मोठ्या फाइलला वेळ लागतो, तो द्या. ठसा जुळेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही, हा नियम मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला घालून देतो.

ठसा जुळला नाही तर त्याच मूळ फाइलचा ठसा त्याच संगणकावर पुन्हा काढा. दर वेळी वेगळा आला तर रॅमवर, म्हणजे संगणकाच्या मेमरीवर संशय घ्या आणि ती तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. पेन ड्राइव्ह अगदी स्वस्तात मिळालेला असेल तर त्याची क्षमता खोटी असू शकते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही मोफत साधनं पूर्ण भरून, वाचून खरं काय ते सांगतात. त्याआधी आतल्या फाइली काढून घ्या.

९. डिस्कची तब्येत

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्या स्मार्ट नोंदी वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स त्या दाखवतात. बदललेले सेक्टर म्हणजे ५ क्रमांकाची नोंद, आणि प्रलंबित सेक्टर म्हणजे १९७. १९७ मध्ये शून्य नसेल तर त्या डिस्कवर नवीन बॅकअप घेऊ नका, आहे ते बाहेर काढा. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नाही. आधी तीच बदला.

इथे थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा

डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येतो. डिस्क पडली आहे किंवा भिजली आहे. ती दिसते आणि गायब होते. वाचताना त्याच जागी पुन्हा पुन्हा एरर येते आणि दुसरी प्रत कुठेच नाही. नॅसमधल्या एकापेक्षा जास्त डिस्क एकदम लाल झाल्या. चुकून फॉरमॅट झालं. यातलं काहीही असेल तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका, कारण प्रत्येक वेळी चालू केल्यावर नुकसान वाढू शकतं. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर सेकंदही महत्त्वाचा असतो: ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून पुसत जाते.

अशा डिस्कवर 'चेकडिस्क' चालवू नका, ते दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहितं. डिस्क उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. नॅसचं 'रीबिल्ड', म्हणजे बाकीच्या डिस्कवरून डेटा पुन्हा उभारणं, स्वतःच्या अंदाजाने सुरू करू नका. डिस्क ठीक असूनही बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयींची किल्ली हरवली असेल, तर मात्र रिकव्हरीवालाही काही करू शकणार नाही. आधी मायक्रोसॉफ्ट किंवा अॅपलच्या खात्यात ती जतन झाली आहे का ते बघा.

रिकव्हरीला देताना कागदावर लिहून द्या: डिस्क कोणत्या सिस्टिमवर आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये तयार झाली, शेवटचं काय केलं, एन्क्रिप्शन होतं का, आणि सगळ्यात आधी कोणत्या फाइली हव्यात, त्यांच्या अंदाजे आकारासह. तपासणीचे पैसे आणि डेटा न मिळाल्यास किती आकारणार, हे डिस्क हातात देण्याआधी विचारा. परत मिळालेला डेटा त्याच डिस्कवर घेऊ नका, नवी डिस्क सोबत न्या.